नकटीची किंमत

पाइन हॉलो, पेनसिल्व्हेनिया
१२ नोव्हेंबर

प्रिय हार्लन,

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे आपल्या वयाला जे ठीक म्हणायचं ते. गुडघ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय आणि उजवा कान आता फक्त टोपी अडकवायच्या उपयोगाचा उरलाय. तुझे कान तरी काय वेगळे असणार? आयुष्यभर कानात बोळे न घालता बार काढले, आता फोनवर दोघंही "काय? काय?" करत बसतो आणि तुझ्या लेकीला, जोलीनला, मध्ये दुभाषी व्हावं लागतं. त्यापेक्षा हा कागद बरा. कागदाला मोठ्याने बोलावं लागत नाही.

ॲरिझोनात म्हणे नोव्हेंबरातही बाही वर करून फिरता येतं. मजा आहे लेका. इथे सकाळी गाडीची काच खरवडताना हात बधिर होतात.

शनिवारच्या टेबलाची खबर तू विचारली नाहीस, तरी देतो. लोरेनच्या हॉटेलात तोच कोपरा, तीच खिडकी. तू जानेवारीत गेलास तेव्हापासून गस, नॅडीन आणि मी, आम्ही तिघंच असतो. गेले दोन शनिवार मात्र गसचा जावई येतोय, ब्राइस. पिट्सबर्गला विम्याचं काम करतो. आता इथे घर घेतलंय आणि त्याला बंदुकांचा नवा नवा नाद लागलाय. तुझ्या खुर्चीत बसतो. त्यालाही बसायला खुर्ची लागतेच की.

गस पाव्लिक, ज्याने खाणीतून सुटल्यापासून एकही वस्तू रोख पैशांत घेतलेली नाही, त्याने या वेळी कहर केला. त्याची ती दुनळी आठवते ना, जिच्या धक्क्याने तुझा खांदा आठवडाभर काळानिळा पडला होता? ती त्याने दिली, आणि बदल्यात एक बावीसची छोटी रायफल आणि ट्रॅक्टरला लावायचा बर्फ ढकलायचा फाळ घेतला.

"फाळाचा नेम कसा आहे रे?" नॅडीनने विचारलं.

"चेष्टा कर. जानेवारीत तुझी बस दारात अडकली की माझ्याच नावाने हाका मारशील."

"आणि बावीसची?"

"ती खारींना. त्या बिचाऱ्यांना दुनळीची फार भीती वाटायची."

नॅडीनने स्वतः एक सुंदर गोष्ट पकडलीय. पोरांना शाळेत सोडलं आणि तशीच ती पिवळी बस घेऊन एका शेतावरच्या लिलावाला गेली. (हे शाळेत कोणाला सांगू नकोस. अर्थात तू तिथून कोणाला सांगणार?) गवत कापायच्या यंत्रांच्या मागे एक जुनी विंचेस्टर रायफल उभी करून ठेवली होती. दस्त्याला कुणीतरी पिवळं चकचकीत वॉर्निश फासलेलं, म्हणून कुणी हात लावेना. नॅडीनने वास घेतला, नखाने कोपऱ्यात खरवडलं, आत अक्रोडाचं लाकूड.

"नवऱ्या मुलीला थापलेला रंग असतो ना, तसलं ते," ती म्हणाली. "तोंड धुतल्यावर खरी दिसेल."

मीही रिकामा राहिलो नाही. अग्निशमनवाल्यांच्या हॉलमधल्या बाजारातून एकनळी घेतली, अगदी साधी, शेतावरच्या पोरांना पहिली म्हणून देतात तसली. दस्त्यावर कुणीतरी चाकूने एक घुबड कोरलंय. घुबड कसलं, कान असलेला बटाटाच आहे तो. पण ज्याने कोरलं त्याने फार वेळ घेऊन कोरलंय. ते पाहून सोडवेना. गस म्हणाला, "एल्वुडने गंज विकत घेतला आणि त्यावर बंदूक फुकट मिळाली." सध्या ती नॅडीनकडेच ठेवलीय.

आता खरी गंमत ऐक. गसची दुनळी गेल्याचं ऐकून ब्राइस अगदी निरागसपणे विचारतो, "पण तुम्ही ती का विकलीत?"

गसने काटा खाली ठेवला. नॅडीनने कप खाली ठेवला. आणि लोरेनने गल्ल्याजवळची पितळी घंटा अशी वाजवली की स्वयंपाकघरातला माणूस डोकावून गेला.

"काय झालं?" ब्राइस घाबरला.

"झालं तुझं," नॅडीन म्हणाली. "हे बघ बाळा, या टेबलावर काय घेतलं, काय दिलं, कितीला, कुणाकडून, किती वेळ घासाघीस केली, सगळं विचार. 'का' विचारायचं नाही. माणूस बंदूक घेतो किंवा देतो त्यामागे त्याच्या घरातलं काहीतरी असतं. आजारपण असतं, वकील असतो, नाहीतर बायकोने कपाटातल्या बंदुका मोजलेल्या असतात. ज्याचं त्याला ठाऊक."

"आणि विचारलं तर?"

"तर सगळ्यांचा नाश्ता तुझ्यावर," लोरेन ओरडली. "आणि माझी बक्षिसीसुद्धा, मेल्या."

गसने ताबडतोब स्क्रॅपलच्या तळलेल्या मांसवड्यांची आणखी एक बशी मागवली. जावयाच्या पैशांची चव वेगळीच लागते म्हणाला.

इतक्या वर्षांत त्या घंटेने माझ्या खिशाला एकदाही हात लावलेला नाही, हे तुला माहीत आहे. तुला दोनदा दंड पडला होता. तुझी वर्ना तेव्हा हसून हसून टेबलावर पडली होती.

वर्नाच्या कबरीवर परवा जाऊन आलो. पानं झाडली. वर्ष झालं, खरं वाटत नाही.

तुझी ती नकटी रिव्हॉल्वर परत हवी असं तू लिहिलंस. हो, ती आहे. बघतो.

पुढच्या वेळी चार ओळींपेक्षा जास्त लिही. चार ओळी तर वीजकंपनीही लिहिते.

तुझा,
एल्वुड

ता. क. परवा नॅडीन आली होती तेव्हा तुझ्या वडिलांच्या तीस-तीस रायफलीला तेल दिलं. नळी आतून आरशासारखी आहे. तिच्याबद्दल तू काही विचारलं नाहीस.


पाइन हॉलो
३ डिसेंबर

प्रिय हार्लन,

तुझी दोन पत्रं एकापाठोपाठ आली. उत्तराला उशीर झाला. हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला, त्या गडबडीत राहून गेलं असं लिहिणार होतो, पण तू ओळखशील. या वर्षी मी टेकडीवर चढलोच नाही. खालीच, ओढ्याजवळच्या कुंपणाला टेकून बसलो, थर्मासमधली कॉफी संपवली आणि घरी आलो. एक मादी अगदी समोरून गेली. माझ्याकडे बघून थांबली, आणि मी निरुपद्रवी आहे हे तिला लगेच कळलं. गसला दहा फाट्यांच्या शिंगांचा नर मिळाला. तो आता नाताळपर्यंत त्यावरच बोलेल.

नकटी पाठवली नाही अजून. तू ज्या दुकानाचं नाव दिलंस त्यांच्याशी इथल्या परवानेवाल्या बंदूक-दुकानदाराला बोलावं लागतं, आणि तो हंगामात दुकान बंद करून जंगलात असतो. शिवाय तिच्या चापाची स्प्रिंग मला जरा सैल वाटते.

हे दोन्ही खरं आहे. म्हणजे दुकान दोन दिवस बंद होतं, एवढं खरं आहे. नंतर उघडलं. मी गेलोही होतो, रिकाम्या हातांनी, नुसतं विचारायला. दुकानासमोर गाडी लावली आणि आतच बसून राहिलो. मग हीटरचं पेट्रोल वाया जातंय असं स्वतःला सांगितलं आणि घरी आलो.

हार्लन, मला एक गोष्ट आठवतेय. नकटी तुझ्याकडे कशी आली ती.

तुझी ती हिरवी होडी होती. धरणाजवळच्या त्या दाढीवाल्याला ती हवी होती. तो होडीच्या बदल्यात एक चांगली रायफल द्यायला तयार होता. दुसरा कुणीही हात मिळवून मोकळा झाला असता. तू मात्र तीन शनिवार त्याला टेबलावर बसवलंस. पहिल्या शनिवारी वल्ह्यांचे वेगळे पैसे मागितलेस. दुसऱ्या शनिवारी होडीला वर्नाचं भावनिक नातं आहे म्हणालास, आणि वर्ना शेजारी बसून म्हणाली, "मला पाण्याचीच भीती वाटते." तिसऱ्या शनिवारी तो बिचारा इतका थकला की रायफलीवर खिशातून हे आखूड नळीचं रिव्हॉल्वर काढून ठेवलं आणि म्हणाला, "हेही घे, पण मला आता जाऊ दे."

तू ते हातात घेऊन बघितलंस आणि म्हणालास, "एवढ्याशा नाकाने तर कोठाराची भिंतही चुकेल." तेव्हापासून ती नकटी. तुला ती कधीच आवडली नाही. मोज्यांच्या खणात पडलेली असायची. आणि जानेवारीत, जोलीनच्या घरामागच्या त्या छोट्या खोलीत काही मावणार नाही म्हणून तू सगळं काढलंस, तेव्हा वडिलांची तीस-तीस माझ्या हातात देताना तुझा आवाज गेला होता. नकटी तू तिच्यावर फुकट घातलीस. "हीही घे, कागद दाबायला ठेव," म्हणालास.

परतीचा शब्द मी तेव्हाच दिला होता, दोन्हींचा. टेबलावरची वस्तू बाहेर द्यायच्या आधी मूळ माणसाला विचारायचं, आणि त्याने परत मागितली तर त्याच भावाने, काही न बोलता द्यायची. तो शब्द मी आजवर मोडलेला नाही. गसला त्याची एक बंदूक तीनदा परत दिलीय.

म्हणून मला कळत नाही काय लिहावं. त्याच भावाने म्हणजे फुकट. आणि तू लिहितोस, "तू म्हणशील ती किंमत देतो, फक्त लवकर पाठव."

तू म्हणशील ती किंमत! हार्लन क्रायडर लिहितोय हे? जो माणूस वर्नाच्या शवपेटीच्या कड्यांवरसुद्धा घासाघीस करत होता, आणि ती असती तर तिनेच त्याला आणखी दोन डॉलर कमी करायला लावले असते? मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. अक्षर तुझंच आहे.

तू पाठवलेलं पार्सलही पोचलं. गस तुझा कातडी सोलायचा चाकू घेऊन सगळ्या हॉटेलभर फिरला. "हार्लनने मला दिला, बघा, हरणाच्या शिंगाची मूठ!" इतका खूश मी त्याला फाळ मिळाल्यावरही पाहिला नव्हता. नॅडीनने तुझी दुर्बीण पेटीतून काढली, डोळ्यांना लावली, खिडकीतून बराच वेळ बाहेर बघत बसली. मग पेटीत ठेवली. तिचे पॅनकेक तसेच राहिले.

वर्नाची आठवण म्हणून तुला नकटी हवी असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण वर्नाने तिला कधी हातही लावला नव्हता.

थंडी फार आहे. लिहिताना बोटं आखडतात. स्प्रिंग दाखवून घेतो.

तुझा,
एल्वुड


पाइन हॉलो
१५ डिसेंबर

प्रिय हार्लन,

तुझं कार्ड मिळालं. निवडुंगाचं चित्र छान आहे. मागे लिहिलंयस, "शब्द म्हणजे शब्द. नकटी पाठव."

नाही पाठवत.

लिहून झालं. आता राग येऊ दे, कार्ड फाड, थोडं फिरून ये आणि मग पुढचं वाच. मी थांबतो.

काल शनिवार होता. टेबलावर सगळे होते. गस एका माणसाला बावीसची देऊन दोन मधमाश्यांच्या पेट्या घ्यायच्या विचारात आहे. नॅडीनने विंचेस्टरचं तोंड धुतलं, आणि खरंच, मधाच्या रंगाचं लाकूड निघालं, त्यावर रेषा अशा की बोट फिरवत राहावं. ब्राइसने एक नवी काळी प्लॅस्टिकची रायफल घेतलीय. तिला इतक्या गोष्टी लावता येतात की गस म्हणाला, "यात कॉफी कुठून ओतायची?" सगळे हसले. मीही हसलो असणार.

मग हसणं संपलं आणि मी म्हणालो, "हार्लनला नकटी का हवीय?"

माझ्या या बहिऱ्या कानालाही तव्यावरची चरबी ऐकू आली. लोरेनचा हात सवयीने घंटेपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. ती वाजवेना. शेवटी मीच उठलो. तू माझे गुडघे जाणतोस, टेबलापासून गल्ल्यापर्यंत जायला मला वेळ लागला, आणि कोणी मदतीला आलं नाही, हे त्यांनी बरं केलं. मी घंटा वाजवली आणि पाकीट काढलं. लोरेन म्हणाली, "ठेव ते आत, एल्वुड." मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम." तिने पैसे घेतले आणि एप्रनने नाक पुसत आत गेली.

परत येऊन बसलो आणि सगळं सांगितलं. तू न आवडलेली वस्तू परत मागतोयस. आवडलेली मागत नाहीस. पडेल ती किंमत द्यायला तयार आहेस. टेबलाची खबर विचारत नाहीस. चाकू आणि दुर्बीण वाटून टाकलीस.

गसने खिशातून तुझा चाकू काढला आणि टेबलावर ठेवला, विंचू ठेवावा तसा. "मी याने सफरचंदं सोलत होतो," म्हणाला. "दोन आठवडे सफरचंदं सोलतोय मी, लेको."

"परत पाठवूया?" ब्राइसने विचारलं.

"पाठवायचं काही नाही," नॅडीन म्हणाली. "त्याला म्हणावं, येऊन घेऊन जा."

आता मला जे लिहायचं आहे ते मी तीन पत्रं टाळतोय. हात आखडलेत म्हणून अक्षर वाईट येईल, सांभाळून घे.

मी नकटी पाठवू शकत नाही, कारण माझ्या बंदुकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे नाही. गेल्या फेब्रुवारीपासून नाही. ती नॅडीनच्या बसच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे. तीस-तीसला तेल द्यायचं असलं की ती येते, कपाट उघडते, मी तेल देतो, ती कॉफी पिते, कपाट बंद करते आणि किल्ली घेऊन जाते. घुबडवाली बंदूकही म्हणूनच तिच्याकडे आहे.

तू जानेवारीत गेलास. मग तो मोठा बर्फ पडला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मी घरात अडकून होतो. टीव्ही मला ऐकू येत नाही आणि वाचायची पुस्तकं सगळी वाचून झाली होती. टेबलावरही जाता येईना. एक दिवस मी कपाट उघडलं आणि आपण ते कशाला उघडलं हेच आठवेना. तसाच उभा राहिलो. मग आठवलं. आणि हार्लन, मला त्याची भीतीसुद्धा वाटली नाही, फक्त फार दमल्यासारखं वाटलं. नंतर भीती वाटली नाही याची भीती वाटली.

मी कपाट बंद केलं, कुबड्या घेतल्या आणि रस्त्यापर्यंत गेलो. नॅडीनची बस पोरांना सोडून परत येत होती. हात केला. तिने दार उघडलं. मी किल्ली पुढे केली आणि म्हणालो, "ही ठेव."

तिने किल्लीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बसच्या किल्ल्यांबरोबर ठेवते," म्हणाली. "हरवणार नाही." आणि मला बसमध्ये घेऊन घराच्या दारापर्यंत सोडलं, ते लाल दिवे लुकलुकवत, एवढ्याशा अंतरासाठी.

तिने 'का' विचारलं नाही. आपल्या टेबलाची आहे ना. ज्याचं त्याला ठाऊक. आणि मी त्या बसमध्ये पोरांच्या बुटक्या बाकावर बसून मनात म्हणत होतो, विचार ना बाई. एकदा विचार. नाश्त्याचे पैसे मी देतो.

काल हे सगळं मी टेबलावर सांगितलं. नॅडीन रडली नाही, तुला माहीत आहे ती कशी आहे. तिने माझ्या बशीतला बेकनचा तुकडा उचलून खाल्ला आणि म्हणाली, "म्हाताऱ्या, मला वाटलं होतं तू सांगशील."

"मला वाटलं होतं तू विचारशील," मी म्हटलं.

"काय शहाणे आहोत आपण दोघं," ती म्हणाली.

आपला नियम वाईट नाही रे. पुष्कळांची लाज त्याने झाकली. गसचं घर विकायला निघालं होतं तेव्हा त्याने किती बंदुका दिल्या आणि कोणी अवाक्षर काढलं नाही, त्यामुळे तो मान वर करून टेबलावर बसू शकला. पण आपण तो इतका पाळला की पाळता पाळता माणसालाच विसरलो. म्हणूनच घंटा ठेवली असेल मूळ ज्याने कोणी ठेवली त्याने. विचारायचंच नसतं तर दंड कशाला ठेवला असता? दंड ठेवला म्हणजे, विचारणं एवढं महाग असू द्या, पण असू द्या, असं त्याला म्हणायचं असणार. हे मला काल घंटा वाजवताना सुचलं. उशिरा सुचलं, पण माझी शाळा सातवीतच सुटली होती.

आणखी एक केलंय आणि त्याचा तुला जास्त राग येईल. लोरेनच्या फोनवरून आम्ही जोलीनला फोन केला. बोलली नॅडीन, मी नुसता शेजारी बसून तिचे ओठ वाचत होतो, तिकडचं तिने मग सांगितलं. जोलीनला चाकूचं, दुर्बिणीचं, नकटीचं काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "बाबा हल्ली फार शांत असतात, मला वाटलं सावरले." ती तुझ्याशी बोलेल, तुला डॉक्टरांकडेही नेईल. तिला "माझ्यामागे कटकट लावू नकोस" म्हणू नकोस. वर्नाची पोर आहे ती. तिला ते वाक्य ऐकून ऐकून पाठ आहे. आणि हे पत्र पोचेपर्यंत पुन्हा तसं दाटून आलं, तर त्याच क्षणी तिच्या दारावर थाप मार. तुझी खोली तिच्या अंगणातच आहे. मी कुबड्यांवर रस्त्यापर्यंत गेलो होतो, तुला तेवढं अंगण ओलांडता येईल.

ब्राइसकडे विमानाचे काही पॉइंट साठलेत म्हणे, कामासाठी फिरून फिरून मिळतात तसले. त्यावर तुझं तिकीट निघालंय. नाताळनंतरचा शुक्रवार. जोलीन तुला विमानतळावर सोडेल आणि इकडे मी घ्यायला येईन, गसच्या ट्रॅक्टरमागून येईन, बर्फ असला तर. तुला वाटेल हा विम्याचा पोरगा आपल्याला ओळखत नाही, मग कशाला? मीही त्याला हेच म्हणणार होतो. तो आधीच म्हणाला, "मी त्यांच्या खुर्चीत बसतो ना."

माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. हवा तेवढा राहा. शिकार नाही, बंदुका नाहीत, त्या सगळ्या नॅडीनच्या किल्लीखाली आहेत आणि तिथेच बऱ्या आहेत. आपण दोघं नुसते बसू. मला टीव्ही ऐकू येत नाही, तुलाही येणार नाही, म्हणजे भांडण नाही.

तीस-तीस तुझी आहे. परतीचा शब्द तिच्यापुरता मी पाळेन, तू मागशील त्या दिवशी, पण टेबलावर बसून, समोरासमोर, आणि घासाघीस करून. आधीच सांगतो, वडिलांची असली तरी मी पहिल्या शनिवारी सोडणार नाही. तीन शनिवार तरी लागतील.

नकटीचा शब्द मी मोडतोय. आयुष्यात पहिल्यांदाच मोडतोय. त्याचा काय दंड असतो ते आपण कधी ठरवलंच नाही. येशील तेव्हा तू ठरव, मी भरेन.

दुसऱ्या नियमाचा दंड मात्र मी भरून बसलोय. सगळ्यांचा नाश्ता दिला, लोरेनची बक्षिसी दिली, तू येशील त्या शनिवारचाही देऊन ठेवलाय, तुझ्या स्क्रॅपलसकट. म्हणजे मला आता हक्काने विचारता येतं. कागदावर विचारतो, कारण कागद ऐकू येतो. उत्तर लांबलचक असलं तरी चालेल. नीट सांगता आलं नाही तरी चालेल. मला त्यातलं पुष्कळ ठाऊक आहे.

का, हार्लन?

घंटा वाजवून, पैसे मोजून,
तुझ्या उत्तराची वाट बघणारा,
एल्वुड